बियाणे कोणाच्या कणगीत?

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन, पाणी आणि मजुरी या प्रश्नांवर मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले. बियाण्याचा प्रश्न मात्र कृषिखात्याचा आणि दुकानदाराचा, असे आपण धरून चालतो. तो उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

आष्टी-पाटोद्याच्या माळावरचे पीक म्हणजे बाजरी. १९६५ साली देशात पहिली संकरित बाजरी आली आणि उत्पन्न वाढले. परंतु या सुरुवातीच्या संकरित जातींची मादी बाजू बहुतांशी एकच होती; ती अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातून आलेली. १९७०-७१ च्या सुमारास केवडा, ज्याला आपण गोसावी म्हणतो, तो रोग आला आणि एकाच रक्ताची ती पिके देशभर बळी पडली. पुढे रोगाला दाद न देणारी जी वाणे निघाली, त्यांतले एक इक्रिसॅटने १९८२ साली दिले. ते नायजेरियात अनेक देशांची व तिथली गावरान वाणे एकत्र करून केलेल्या संमिश्र बियाण्यातून निवडलेले होते. म्हणजे शास्त्रज्ञालाही अखेर शेतकऱ्याच्या कणगीकडेच यावे लागले. हे मी संकरित बियाण्याला शिव्या देण्यासाठी सांगत नाही. त्याने अधिक धान्य दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण खरिपाच्या हायब्रीड ज्वारीवर काढणीच्या वेळी पाऊस पडला की दाणा काळा पडतो आणि तिचा बुटका कडबा जनावरांना पुरत नाही, हे येथील बायामाणसांना कोणी शिकवावे लागले नाही.

उलट रब्बीत आजही जिचे नाव घेतले जाते, ती मालदांडी १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात मोहोळला स्थानिक ज्वारीतूनच निवडली गेली. भाकरीलाही चांगली, कडब्यालाही चांगली. हुरड्याची गूळभेंडी वेगळी, लाह्यांची वेगळी. ही निवड कोणत्या विद्यापीठाने केली? कापसाचे तर विचारूच नका. निजामी राजवटीत मराठवाड्याचा गावरानी कापूस नाव मिळवून होता. २००२ मध्ये बीटी आले, तेही अमेरिकन जातीच्या संकरित वाणांत. संकरिताचे बी पुढच्या वर्षी जसेच्या तसे उगवत नाही. कायदा न करताही शेतकऱ्याची सरकी त्याच्या हातून गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा मागे फिरावे म्हटले तर गावात देशी सरकी कोणाकडे होती?

यावर उत्तर म्हणून सरकारी बीजपेढी दाखवली जाते. १९७६ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिचे केंद्र अकोल्यालाही आहे. उणे अठरा अंशांवर लाखो नमुने जपले आहेत. हे काम मोठे आहे. लेनिनग्राडच्या वेढ्यात वाविलोवच्या सहकाऱ्यांनी धान्याच्या पोत्यांशेजारी उपाशी प्राण सोडले, पण बियाणे खाल्ले नाही. खुद्द वाविलोव १९४३ साली स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात मेला. शीतगृहाला नाक मुरडणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. पण शीतगृहातले बी झोपलेले असते. बदलता पाऊस, नवी कीड यांच्याशी ते झुंजत नाही. आणि पेढीची किल्ली कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. डॉ. रिछारिया यांनी छत्तीसगडच्या खेड्यांतून भाताची हजारो वाणे गोळा केली. २००२ साली रायपूरच्या कृषी विद्यापीठाने त्या ठेव्याबाबत सिंजेंटा कंपनीशी करार करू घातला, आणि लोकांनी ओरड केल्यावरच तो बारगळला. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये जनुक पेढीसाठी सुमारे १७२ कोटी मंजूर केले. तिच्यातही गावाचा हक्क काय, हे विचारले पाहिजे.

दुसरी वाट दूरची नाही. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची पेढी उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पूर्वीच्या निजाम हद्दीतल्याच झहीराबादेत दलित स्त्रियांनी गावोगाव बीजपेढ्या चालवल्या. नेलेले बी सुगीला दुप्पट परत करायचे, असा अशा पेढ्यांचा साधारण रिवाज असतो. दुप्पट ऐकून कोणाला सावकाराची दिढी आठवेल! पण एकराला ज्वारीचे बी तीन-चार किलो लागते आणि पीक क्विंटलांनी येते. शिवाय हा वाढावा सावकाराच्या पेवात जात नाही, पुढच्या बाईच्या ओटीत जातो.

बीडची अडचण निराळी आहे, आणि इतरांचा कित्ता जसाच्या तसा येथे गिरवता येणार नाही. बी राखणे हे घरच्या बाईचे काम. कणीस निवडायचे, राखेत घोळायचे, लिंबाचा पाला घालून मडके लिंपायचे. ती बाई ऐन सुगीच्या दिवसांत कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर असते. उचल फिटत नाही, परतल्यावर बी उधारीने दुकानातून येते. ऊसतोडीच्या मजुरीचा प्रश्न आणि बियाण्याचा प्रश्न असे एकाच खोपीत राहतात.

कायदा पूर्ण प्रतिकूल नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा, विकण्याचाही हक्क दिला आहे. ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही असली पाहिजे. ती वही मागून पाहा. आपल्या गावचे एकही वाण त्यात नसेल, तर तेथूनच आरंभ करा.

ज्वारीपासून सुरुवात सोपी. तिचे परागीभवन बहुतांशी स्वतःचे स्वतः होते. बाजरीचे तसे नाही. तिचे बी हायब्रीडच्या शेतापासून दूर धरावे आणि दोन-चार नव्हे, पुष्कळ कणसांतून घ्यावे. माघात हुरड्याच्या वेळी गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांकडून वाणांची नावे लिहून घ्यावीत. पेढीची बैठक मात्र तेव्हा नको. तोडणीवाल्या बाया चैत्र-वैशाखात परततात; ती तेव्हा, मृगाच्या आधी, त्यांच्यासमोर व्हावी.