शाळेतल्या दुधाची बाटली
(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये ज्यांचे बालपण गेले ती पिढी आता ऐंशीच्या घरात पोहोचली आहे, आणि तिच्या आठवणींना तेथे मोठी मागणी आहे. या आठवणींत एक वस्तू हटकून येते: शाळेत सकाळी मिळणारी दुधाची छोटी बाटली. एक-तृतीयांश पाइंट, म्हणजे पावशेराहूनही थोडे कमी. हिवाळ्यात दूध गोठे, म्हणून बाटल्यांची पेटी शेगडीपाशी नेऊन ठेवीत. उन्हाळ्यात तेच दूध कोमट आणि आंबूस लागे. कित्येक मुलांना ते मुळीच आवडत नसे. तरीही आज त्या बाटलीच्या नावाने म्हातारे डोळे पाणावतात.

ती बाटली आली कोठून, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ती आली १९४६ च्या कायद्याने. १९४५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश मतदारांनी युद्धविजयी चर्चिलला दूर सारून मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिले होते; १९३० नंतरची बेकारी ते विसरले नव्हते. हा कायदा आला तेव्हा शिक्षणमंत्री होत्या एलन विल्किन्सन. मँचेस्टरच्या एका कापडकामगाराची ही मुलगी १९२० साली ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होती. पुढे ती मजूर पक्षात राहिली, पण १९३६ साली जॅरोच्या बेकारांनी लंडनवर मोर्चा नेला तेव्हा त्यात ती चालली होती. उपाशी मुलाला शिकवता येत नाही, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

त्याच वर्षी दुसऱ्या अपत्यापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता सुरू झाला, आणि तो आईच्या हाती पडू लागला. बापाच्या पगाराचे पाकीट वाटेत दारूच्या गुत्त्यात हलके होई, त्या घरांत या पाच शिलिंगांची किंमत काय होती हे गिरणगावातल्या कोणत्याही स्त्रीला समजावून सांगण्याची गरज नाही. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. ती उभारणारा अ‍ॅन्युरिन बेव्हन वेल्सच्या खाणकामगाराचा मुलगा, स्वतः किशोरवयातच खाणीत उतरलेला. घरातल्या कर्त्याला आणि मुलांना डॉक्टर दाखवून झाल्यावर स्वतःचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्या आया प्रथमच दवाखान्याची पायरी चढल्या. चष्म्यांसाठी आणि कवळ्यांसाठी रांगा लागल्या.

रेशनचेही तसेच. युद्धकाळातही ज्यावर नियंत्रण नव्हते तो पाव १९४६ ते १९४८ रेशनवर मिळाला. मिठाई खुली झाली फेब्रुवारी १९५३ मध्ये, मांस जुलै १९५४ मध्ये. टंचाई खरीच होती. पण कूपन श्रीमंतालाही फाडावे लागे. ती टंचाई सोसवली गेली ती यामुळे.

म्हणून ते सुवर्णयुग ठरत नाही. १९५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या एक-तृतीयांशाहून अधिक कुटुंबांना न्हाणीघरातला पक्का टब नव्हता. भिंतीवरचे पत्र्याचे घंगाळे शनिवारी शेगडीपुढे येई आणि एकाच पाण्यात सारे घर अंघोळ करी. ते पाणी आई तापवी, आई उपसे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या विषारी धुक्याने हजारो माणसे मारली. अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर मुलांची कारकून आणि हमाल अशी वाटणी होई. आणि त्या बेटाबाहेरचा हिशेब वेगळाच: युद्ध संपले तेव्हा ब्रिटनकडे हिंदुस्थानचे एक अब्जाहून अधिक पौंड येणे होते, आणि त्याच युद्धात १९४३ च्या दुष्काळाने बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. तेथल्या मुलांना कूपनही मिळाले नाही. आरोग्य सेवेचे वॉर्ड पुढे चालवले तेही बऱ्याच अंशी वेस्ट इंडीजच्या परिचारिकांनी आणि भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांनी.

उजव्या वृत्तपत्रांना यातले काहीच नको असते. त्यांना हवे असते एवढेच वाक्य: गरिबी होती, पण माणसे सुखी होती. हे वाक्य मोठ्या कामाचे आहे. भाडे वाढले, दवाखान्याची रांग लांबली, की तरुणांच्या तोंडावर ते फेकता येते.

बाटली कशी गेली, तेही सांगायला हवे. माध्यमिक शाळांतले दूध १९६८ साली खुद्द मजूर सरकारनेच बंद केले. हे झाकण्यात अर्थ नाही. सात वर्षांवरील मुलांचे दूध १९७१ साली शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी काढून घेतले. पुढे त्याच बाई पंतप्रधान झाल्या. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरे विक्रीस निघाली. मार्च १९८४ पासून वर्षभर खाणकामगार लढले आणि हरले. १ जानेवारी १९४७ ला ज्या खाणींच्या दारावर, ही खाण आता जनतेच्या वतीने चालवली जाते, अशा पाट्या लागल्या होत्या, तो कोळसा उद्योग १९९४ मध्ये खाजगी हातांत गेला. शेवटची खोल खाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली.

आज ब्रिटनच्या गावोगावी मोफत शिधा देणारी केंद्रे चालतात. नोकरी असलेली माणसेही तेथे रांगेत असतात. पिशव्या भरणाऱ्या स्वयंसेवकांत कित्येक निवृत्त स्त्री-पुरुष असतात, त्या बाटलीच्याच पिढीतले. पिशवीत पास्ता, डबाबंद घेवडा, चहा, आणि लहान मुले असतील तर त्यांच्यासाठी टिकाऊ दुधाचे एक खोके.