पोवळ्याचें पाणी आणि घरांतील हवा



हळदीनें माखलेल्या बोटावर चुन्याचा कण पडला कीं बोट लाल होतें, हें आपल्यांतील प्रत्येकानें पाहिलें असेल. त्याच लाल डागावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर डाग पुन्हां पिवळा होतो. कोणता पदार्थ आंबटाच्या जातीचा आणि कोणता चुन्याच्या जातीचा, हें ओळखण्याचें साधन अशा रीतीनें आपल्या स्वयंपाकघरांत पिढ्यान् पिढ्या आहे. शास्त्रांत पहिल्या जातीस आम्ल व दुसरीस अल्क म्हणतात. आजचा माझा विषय याच भेदाचा आहे. मात्र तो स्वयंपाकघरांतला नसून दिवाणखान्यांत ठेवलेल्या कांचेच्या टांकींतला आहे.

पोवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अंगठींतील तांबडा खडा उभा राहतो. पण उष्ण समुद्रांत प्रवाळाचे खडक बांधणारीं पोवळीं निराळीं. तीं हजारों लहान लहान जिवांचीं बनलेलीं असतात, आणि आपल्या बुडाशीं चुन्याचें घर बांधीत तीं वाढतात. अशीं जिवंत पोवळीं घरांतील खाऱ्या पाण्याच्या टांकींत वाढविण्याचा छंद आज अनेक देशांत आहे. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं समुद्रांतील जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे यांवर भर देणारी आपली साधी पद्धति १९६१ सालीं एका इंग्रजी मासिकांत मांडली. पुढें युरोपांत व अमेरिकेंत या छंदाचें एक शास्त्रच झालें. या शास्त्रांत नवशिक्याला सर्वांत अधिक घाबरविणारा शब्द म्हणजे पीएच्.

आपल्या शेतकरी बंधूंना हा शब्द अपरिचित नाहीं. माती-परीक्षणाच्या कागदावर ज्याला 'सामू' म्हणतात, तोच हा पीएच्. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या सोरेन्सेन या रसायनशास्त्रज्ञांनीं १९०९ सालीं ही मोजपट्टी प्रचारांत आणली. साधारणतः ती शून्यापासून चौदापर्यंत मानतात. सात हा मध्य. त्याखालीं आम्ल, त्यावर अल्क. या पट्टीची एक खोड मात्र ध्यानांत धरिली पाहिजे. तिच्यावर एक घर खालीं उतरणें म्हणजे आम्लता एकानें नव्हे, दसपटीनें वाढणें होय. म्हणून ८.२ चा आंकडा ७.९ झाला, तर कागदावर फरक तीन दशांशांचा दिसतो; पाण्यांतील आम्लता मात्र दुप्पट झालेली असते.

समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू सुमारें ८.१ असतो. टांकींत तो ७.८ ते ८.४ च्या दरम्यान राहिला तर पोवळीं सुखानें जगतात. तो खालीं गेला कीं त्यांचें घरबांधणीचें काम जड होतें. चुन्याचा थर बसवितांना पोवळ्याला त्या जागेंतील आम्लता बाहेर ढकलावी लागते. बाहेरचें पाणीच अधिक आम्ल झालें, तर याच कामांत त्याची शक्ति अधिक खर्च होते.

आतां दुसरी गोष्ट. सामू दिवसभर एकसारखा राहत नाहीं. पोवळ्याच्या अंगांत सूक्ष्म शैवाल वस्ती करून असतें. दिवा लागला कीं तें, आणि टांकींतील इतर वनस्पति, पाण्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून घेतात. हा वायु पाण्यांत विरघळला म्हणजे आम्ल होतो. तो कमी झाला कीं सामू चढतो. रात्रीं सर्वच जीव श्वास सोडतात, पण वायु शोषणारें कोणी नसतें. म्हणून सामू उतरतो. दिवे मालवण्याच्या सुमारास तो सर्वांत वर आणि ते पुन्हां लागण्यापूर्वीं सर्वांत खालीं असतो. यांत दोनतीन दशांशांचें अंतर पडणें हा रोग नव्हे, ती टांकीची नाडी आहे. यास्तव मोजतांना वेळ लिहिली पाहिजे. सकाळचा आंकडा काल सायंकाळच्या आंकड्याशीं ताडून पाहणें व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट अल्कतेची. सामू म्हणजे आज खिशांत असलेली रोकड समजा, तर अल्कता म्हणजे पेढींतील ठेव. आम्लाचा धक्का पचविण्याची पाण्याची शक्ति ती दाखविते, आणि पोवळें आपलें घर बांधण्यास तिच्यांतूनच माल घेतें. ती बहुधा जर्मन अंशांत मोजतात. समुद्रांत सुमारें सात अंश, आणि टांकींत सात ते अकरा अंश चालते. ठेव पुरेशी असूनही रोकड कमी पडूं शकते, तशी अल्कता ठीक असूनही सामू खालीं असूं शकतो. तेव्हां उणीव माल कमी असल्याची नसून वायु अधिक झाल्याची असते. हा भेद न ओळखल्यानें किती हानि होते, हें मीं प्रत्यक्ष पाहिलें आहे.

माझा एक पुतण्या अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहतो. त्याच्या घरीं मी एका हिवाळ्यांत दोन महिने होतों. बाहेर बर्फ, म्हणून खिडक्या फटी बुजवून बंद केलेल्या. घरांत पांच माणसें, आणि स्वयंपाक गॅसवर. त्याच्या टांकींतील सामू सकाळीं ७.७ दिसूं लागला. तो बिचारा घाबरला आणि सामू चढविणारी पूड रोज रात्रीं घालूं लागला. पूड पडली कीं आंकडा चढे, सकाळपर्यंत पुन्हां उतरे. आठ दिवसांत अल्कता आठ अंशांवरून बारांवर गेली. पंपावर चुन्याचा पांढरा थर बसला, आणि फांद्यांच्या पोवळ्यांचीं टोकें जळल्यासारखीं पांढरीं पडलीं. पांचांपैकीं तीन पोवळीं गेलीं. मुलें टांकीपुढें उभीं राहून "आजोबा, हीं कशानें मेलीं?" असें विचारीत, तेव्हां उत्तर सोपें नव्हतें. कारण रोगापेक्षां औषधानेंच अधिक घात केला होता.

मग आम्हीं एक साधी परीक्षा केली. ती कोणासही करतां येईल. टांकींतील पाणी दोन पेल्यांत घ्यावें आणि सामू मोजून लिहावा. एक पेला घराबाहेर नेऊन लहान पंपानें तासभर त्यांत बाहेरच्या हवेचे बुडबुडे सोडावे. दुसऱ्या पेल्यांत तितकाच वेळ खोलींतील हवेचे बुडबुडे सोडावे. नंतर पुन्हां मोजावें. दोन्ही पेल्यांत सामू सारखाच चांगला चढला, तर खोलींतील हवा निर्दोष आहे. टांकींतच वायु सांचतो, पाणी अधिक खळबळलें पाहिजे. बाहेरच्या पेल्यांत चढला आणि आंतल्या पेल्यांत फारसा चढला नाहीं, तर दोष खोलींतील हवेचा. दोन्हींत चढला नाहीं, तर प्रथम अल्कता तपासावी. आमच्या बाहेरच्या पेल्यांत सामू ७.८ वरून ८.३ झाला, आंतल्यांत तो ७.९ वरच थांबला. मोकळ्या हवेंत या वायूचें प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशें भागांच्या आसपास असतें. माणसांनीं भरलेल्या बंद खोलींत तें सहज हजारांवर जातें. टांकीला माणसांचा श्वासच बाधत होता.

उपायही तितकाच साधा निघाला. पूड बंद केली, थोडें थोडें पाणी बदलून अल्कता हळूहळू खालीं आणली. आणि पाण्यांतील मळाचा फेस काढणारें स्किमर नांवाचें जें यंत्र असतें, त्याची हवा ओढणारी नळी खिडकींतून बाहेर काढली. अल्कता आठांवर आली तेव्हां सकाळचा आंकडा ८.० आणि सायंकाळचा ८.२ असा स्थिर झाला. ज्यांना नळी बाहेर नेणें शक्य नाहीं, त्यांनीं शेजारच्या लहान हौदांत शैवाल वाढवून त्यावर रात्रीं दिवा लावावा. मोठी टांकी झोपते तेव्हां तें शैवाल वायु शोषीत राहतें.

आणखी एक उपाय आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे चुन्याची निवळी. शाळेंत आपण नळीनें निवळींत फुंकर मारली आणि ती दुधासारखी झाली, हें आठवत असेल. उच्छ्वासांतील वायु चुन्यानें धरल्याचीच ती खूण. टांकींतही निवळी जादा वायु धरते, आणि शिवाय चुना व अल्कता दोन्ही पुरविते. जर्मन लोक तिला काल्कवासर म्हणतात. अर्थ तोच, चुन्याचें पाणी. मात्र पानाचा किंवा भिंतीचा चुना वापरूं नये, शुद्ध चुनाच घ्यावा. एक लिटर पाण्यांत सुमारें दीड ग्रॅमच विरघळतो; बाकीचा गाळ तळाशीं राहूं द्यावा व वरचें स्वच्छ पाणी घ्यावें. निवळीचा सामू बारांच्या वर असतो, म्हणून ती डोळ्यांस व हातांस जपून हाताळावी, आणि वाफेनें उडालेलें पाणी भरून काढण्यापुरतीच, रात्रीं, थेंबथेंबानें सोडावी. एकदम ओतली तर ती विषासारखी होते. खाण्याच्या सोड्यानें सामू चढेल ही समजूतही सोडून द्यावी. त्यानें अल्कता वाढते, पण सामू प्रथम किंचित् उतरतोच.

मोजण्याविषयीं दोन शब्द. रंग बदलणाऱ्या थेंबांनीं अदमास कळतो. दशांशाचा भेद कळण्यास विजेचें मापक बरें. पण तें सात आणि दहा सामूच्या प्रमाण द्रावणांत वरचेवर जुळवून घेतलें पाहिजे, आणि त्याची कांडी कधीं कोरडी पडूं देऊं नये. चुकीच्या मापकानें दाखविलेल्या रोगावर औषध देण्यासारखें दुर्दैव नाहीं. एक वही ठेवावी; तींत वेळ, सामू, अल्कता आणि त्या दिवशीं केलेला फरक लिहावा. एका दिवशीं एकाहून अधिक फरक करूं नये.

आपल्या किनाऱ्यावरील श्रोत्यांस एक विनंति. मालवणच्या समुद्रांत, जेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें, तेथेंही पोवळीं आहेत. खडक बांधणाऱ्या सर्व पोवळ्यांस २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचें कडक संरक्षण आहे. तेथील एक फांदीही हौसेसाठीं तोडणें गुन्हा आहे. आणि त्या समुद्राचीही तीच कथा आहे, जी आमच्या टांकीची झाली. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेंत या वायूचे सुमारें २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. तेवढ्या काळांत समुद्राचा सामू सुमारें एक दशांशानें उतरला आहे. घरांतल्या टांकीसाठीं नळी खिडकीबाहेर काढतां येते. समुद्राला ती सोय नाहीं; त्याच्यासाठीं मूळ हवाच सुधारावी लागेल.

तेव्हां ज्यांच्या घरीं अशी टांकी असेल, किंवा परदेशीं ज्यांच्या मुलानातवंडांनीं ती ठेविली असेल, त्यांना माझें सांगणें एवढेंच. आंकडा खालीं आला कीं आधीं औषधाच्या बाटलीकडे हात नेऊं नका. वेळ पाहा, मापक तपासा, अल्कता मोजा, दोन पेल्यांची परीक्षा करा. आणि खिडकी उघडी आहे कीं बंद, हें अवश्य पाहा. आंकड्यामागें धांवणाऱ्याची पोवळीं मरतात, कारणामागें जाणाऱ्याचीं वांचतात.