कुत्रा खोकतो तेव्हा
(येडगाव येथे पाठीराख्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



वाडीभेटींविषयी बोलायचे म्हटले की शाळा, औषधे, धान्य यांचे ऐकायला मिळेल असे आपल्याला वाटते. मी आज कुत्र्याच्या खोकल्याविषयी बोलणार आहे. हसू नका. आपल्याकडे उसात बिबट्या आणि अंगणात शेळ्या. ठाकर वाडीवर रात्रीची राखण कुत्राच करतो.

मागच्या पावसाळ्यात एका घरी गेलो. कुत्रा मान ताणून खाकरत होता, लाळ गळत होती. घरधनी म्हणाले, "दादा, हाड अडकलंय. हात घालून काढतो." मी त्यांचा हात धरला. कुत्र्याचा आवाज घोगरा झाला होता आणि समोर पाणी असून त्याला गिळता येत नव्हते. रेबीजची लक्षणे अशीच दिसू शकतात. कुत्रा खोपटात कोंडून आम्ही पशुवैद्यकांना फोन केला. दोन दिवसांत तो मेला.

आदल्या दिवशी घरातल्या मुलाने त्याला हाताने भाकरी भरवली होती. बोटावर दाताचा ओरखडा होता. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुतली, लगेच सरकारी दवाखाना गाठला आणि डॉक्टरांनी सांगितलेली सगळी इंजेक्शने वेळेवर घेतली. मुलगा आज शाळेत जातो.

प्रत्येक खोकला असा नसतो. जत्रेत, बाजारात कुत्री एकत्र आली की कोरडा, ठसक्यासारखा खोकला पसरतो. कुत्रा खातो-पितो, खेळतो; बहुधा दोन-तीन आठवड्यांत बरा होतो. त्याला विश्रांती द्या, चुलीच्या धुरापासून दूर ठेवा, गळ्यातली दोरी सैल करा.

पण लस न दिलेले पिल्लू खोकते, डोळ्यांतून-नाकातून पू येतो, ताप व जुलाब होतात, पुढे झटके येतात, तर तो डिस्टेंपर असू शकतो. 2018 मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला नमुन्यांत याच रोगाचा विषाणू सापडला. तो बिबट्यालाही होतो. म्हणजे कुत्र्याची लस रानाच्याही कामाची आहे.

म्हातारा कुत्रा रात्री खोकतो, थोडे चालून दमतो, पोट फुगते, तेव्हा हृदयाचा आजार असू शकतो. डासांमुळे हृदयात जंत होतात, त्यानेही खोकला येतो.

मग डॉक्टर कधी? बसल्या जागी धाप लागली, हिरड्या निळसर झाल्या, खोकल्यातून रक्त आले, खाणे सुटले किंवा पिल्लू आजारी पडले, तर त्याच दिवशी. कुत्रा झोपलेला असताना श्वास मोजा. मिनिटाला 30 च्या वर सतत जात असतील तर थांबू नका. कुत्रा हुशार दिसला तरी आठवड्यावर टिकलेला खोकला दाखवावाच. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

आणि दोन गोष्टी टाळा. आपल्या खोकल्याचे औषध किंवा तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका. पॅरासिटामॉलने त्याला विषबाधा होऊ शकते. आणि खाकरणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका.

पुढच्या वाडीभेटीला आपल्यापैकी काही जण सोबत या. औषधांच्या पेटीबरोबर कुत्र्यांच्या लशीचीही सोय करू. त्या घरी आता नवे पिल्लू आले आहे. सुरुवात तिथूनच करू.