कुटुंबाचा समूह आणि घरची कर्ती

(महाड येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



महाड-पोलादपूरच्या घरांची घडण चाकरमानी जीवनातून झाली. घरधनी मुंबईच्या गिरणीत वा गोदीत. भातशेती, गुरेढोरे आणि म्हाताऱ्या माणसांचा भार घरच्या बाईवर. तरीही जमिनीचा निर्णय व्हायचा तो मुंबईहून आलेल्या पत्राने. आज पत्राची जागा व्हॉट्सअॅपवरील कुटुंबाच्या समूहाने घेतली आहे. निर्णयाची रीत मात्र पुष्कळ घरांत तीच राहिली आहे.

वाढदिवस, नैवेद्य, पाककृती यांवर भगिनी मोकळेपणाने लिहितात. जमिनीची मोजणी, महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला, असा विषय निघाला की चार पुरुष बोलतात आणि स्त्रियांकडून हात जोडल्याचे चिन्ह तेवढे उमटते. त्या मौनालाच संमती मानले जाते. माहेरवाशीण तर अनेकदा त्या समूहात नसतेच. तिच्यापुढे एके दिवशी येते ते थेट हक्कसोडपत्र!

महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क दिला. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हक्क सोडायचा की नाही, हे तिने स्वेच्छेने ठरवायचे आहे. पण साऱ्या नातलगांदेखत ‘ताई, चालेल ना?’ असे विचारले, तर माहेर तुटण्याच्या भीतीने ती ‘नाही’ कशी म्हणणार? त्या होकारास स्वेच्छा म्हणता येईल काय?

आपल्याच तालुक्यात पाचाडला जिजाऊंची समाधी आहे. शहाजीराजे कर्नाटकात असताना पुणे जहागिरीच्या कारभारावर त्यांची देखरेख होती. त्यांच्याकडे जबाबदारीसोबत अधिकारही होता. आपण गृहिणीला पहिली गोष्ट देतो, दुसरी राखून ठेवतो.

म्हणून घरोघरी एवढे करावे. समूहाची सूत्रे एका तरी स्त्रीच्या हाती असावीत. शेतात राबणारीचे मत आधी विचारावे. जमिनीचा विषय समूहावर निकालात काढू नये. बहिणीच्या घरी जावे, कागद तिच्या हाती द्यावा, वाचायला अवधी द्यावा. आणि ती ‘नाही’ म्हणाली, तरी गणपतीला तिला पूर्वीच्याच मायेने बोलवावे. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा आपल्याला अभिमान आहे. तिची परीक्षा त्या ‘नाही’नंतरच होते.