साथ अडते ती वॉर्डात आणि वाडीत



सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ताप आणि गाठी आलेले रुग्ण तपासले आणि हा प्लेग आहे, असे ठामपणे सांगितले. निदान चुकले नाही, चुकले ते पुढचे. रुग्णांना घरातून उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयात नेण्याची सक्ती सुरू झाली. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, अशी आवई गिरणगावात उठली आणि 29 ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. लोक आजारी माणसे लपवू लागले, मुंबई सोडून पळू लागले आणि प्लेगही त्यांच्याबरोबर बाहेर पडला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. त्याच वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांना आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोचवत होत्या. 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच त्या गेल्या.

आर्थर रोडचे ते रुग्णालय म्हणजे आजचे कस्तुरबा. 2020 मध्ये मुंबईतले करोनाचे पहिले रुग्ण तिथेच दाखल झाले. 1 एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला, तेव्हा अनेकांनी धारावीची आशाच सोडली होती. अडीच चौरस किलोमीटरपेक्षा कमी जागेत आठ-दहा लाख माणसे, एका खोलीत सात-आठ जण, बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. अशांना ‘घरात वेगळे राहा’ असे सांगून भागणार नव्हते. महापालिकेच्या जी-उत्तर वॉर्डाने शाळा आणि सभागृहे ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली, शौचालयांचे निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा करवले आणि वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना ताप तपासणीसाठी बरोबर घेतले. विलगीकरणात जेवण मिळते, औषध मिळते, माणूस बरा होऊन घरी येतो, हे दिसल्यावर लोक आपणहून पुढे आले. त्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला. कायदा दोन्ही वेळा तोच 1897 चा होता. फरक पडला तो वॉर्डातल्या माणसांमुळे.

साथ आल्यावरच्या या धावपळीइतकेच महत्त्व ती येऊ नये म्हणून रोज चालणाऱ्या कामाला आहे, आणि ते फार थोड्यांना दिसते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचे पाणी काचेच्या नळीत घेतो, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडलेली नाही, किंवा पडली ती उघड्या पोत्यातली, दमट, निकामी. हीच ती ओटी टेस्ट. ती करायची टाकीपाशी नव्हे, तर नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी, कारण किमान 0.2 पीपीएम क्लोरीन तिथे पोचला पाहिजे. टाकीजवळच चाचणी उरकून रजिस्टर भरणे सोपे असते. गॅस्ट्रो मात्र त्या टोकाच्या घरातून सुरू होतो.

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक येऊ लागले. तो गिलॅन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस होता. नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 मध्ये महापालिकेत आली. पाणी मात्र तेव्हा विहिरीचे होते, क्लोरीन घालून सोडलेले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जंतू सापडला. शहराची हद्द एका अधिसूचनेने वाढते. शुद्धीकरण केंद्राची जलवाहिनी तितक्या झटपट जात नाही आणि त्याची किंमत घरोघरच्या माणसांना मोजावी लागते.

मलेरियाही अडतो तो अशाच रोजच्या, न दिसणाऱ्या कामाने. मुंबईत तो पसरवणाऱ्या अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डासाला गटार लागत नाही, गच्चीवरच्या टाकीतले स्वच्छ पाणी लागते. डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अभ्यास करून विहिरी आणि टाक्यांकडे बोट दाखवले, त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. कीटकनाशक विभागाचा कामगार आजही पावसात शिडी लावून टाक्यांवर चढतो, झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का ते पाहतो. ‘आमचे पाणी स्वच्छ आहे’ म्हणून त्याला फाटकावरूनच परत पाठवणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत.

म्हणून या परिषदेने दोन ठराव करावेत, ही आग्रहाची विनंती. आरोग्यसेवक, एएनएम परिचारिका आणि कीटकनाशक कामगारांची रिक्त पदे पावसाळ्यापूर्वी भरावीत. महापालिकेत नव्याने आलेल्या प्रत्येक गावात शेवटच्या नळाची ओटी टेस्ट रोज व्हावी आणि तिचा निकाल त्या गावच्या चौकात फळ्यावर लिहावा.