दुखणं लपवणाऱ्या मुलांसाठी

ज्यांचा गुडघा किंवा घोटा आज दुखतो आहे, त्यांना पाय लांब करून बसता यावं म्हणून पुढची रांग मोकळी ठेवली आहे. संकोच न करता तिथे बसा.

हिमोफिलिया 'ए' जन्मणाऱ्या सुमारे ५००० मुलग्यांमागे एकाला असतो. त्यात रक्त गोठवणारा घटक, फॅक्टर आठ, कमी पडतो. सांध्यात रक्तस्राव सुरू झाला की सूज दिसण्याआधीच अनेक मुलांना आत मुंग्या जाणवतात. त्याच वेळी फॅक्टर मिळाला तर सांधा वाचण्याची शक्यता खूप वाढते. पण मुलगा बोलत नाही. बोललं तर बाबांचा रोज बुडणार, आई रडणार, शाळेची सहल चुकणार, हे त्याला ठाऊक असतं. संध्याकाळी गुडघा टम्म फुगतो, तेव्हा घरात कळतं. म्हणून मी आग्रहाने सांगतो, मनाची काळजी हा सांध्याच्याच उपचाराचा भाग आहे. फ्रिजमध्ये फॅक्टर असूनही मूल गप्प राहिलं तर त्याचा उपयोग काय?

आईचं दुःख आणखी वेगळं. दोष आईकडून येऊ शकतो, एवढं वाक्य ओपीडीत ऐकून ती घरी जाते आणि "हे तुझ्या माहेरचं" हे वर्षानुवर्षं ऐकत राहते. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो, हे तिला आणि सासरच्यांना समोर बसवून कोण सांगणार? बहिणींकडे तर आपलं लक्षच जात नाही. काही वाहक मुलींनाही जास्त रक्तस्राव होतो. व्हॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्याच दुसऱ्या आजारात पाळीचा त्रास होणाऱ्या मुलीला "आपल्याकडे सगळ्यांनाच असं होतं" म्हणून गप्प केलं जातं.

स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराला स्थान मिळालं. ही मोठी कमाई आहे. पण प्रमाणपत्र मिळालं तरी ते नोकरीच्या मुलाखतीत दाखवावं की लपवावं, लग्नाच्या बोलण्यात कधी सांगावं, हे प्रश्न घेऊन तरुणाने कोणाकडे जायचं?

उद्याच्या ठरावांत प्रत्येक उपचार केंद्रावर पूर्णवेळ समुपदेशकाची मागणी पहिल्या क्रमांकावर असावी. आणि डॉक्टरमंडळींना एक विनंती: आज जेवणानंतरच्या सत्रात मुलं स्वतः बोलणार आहेत. कृपया त्या सत्राला थांबा.