औषध तेच, माती निराळी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनिअर. रसायनशास्त्र पहिल्याच वर्षी सुटले. पण खडीत गवत माजले की पाण्याचा निचरा बंद होतो, म्हणून तणनाशक मारावे लागते. त्यातून हा विषय मला चिकटला.

खानदेशात नेमणूक असताना एकदा आभाळ भरलेले असूनही मी डाययुरॉन फवारायला लावले. काम उरकायची घाई, दुसरे काय! रात्री पाऊस कोसळला. भरावाखालच्या एका शेतकऱ्याची मेथी पिवळी पडली. त्याने मला नेऊन दाखवले. रेताड वाफे पार गेले होते; लागूनच असलेल्या, भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यातली मेथी बरीचशी तगली होती. पाणी तर दोन्हीकडे शिरले होते. "साहेब, औषध तेच ना?" भरपाई मी खिशातून दिली. उत्तर मिळायला मात्र वर्षे लागली.

शेणखत, पालापाचोळा कुजून ह्यूमस बनतो. तो डाययुरॉनला धरून ठेवतो, त्यामुळे मुळांना ते कमी मिळते. जमिनीतले जिवाणू मग सावकाश त्याचे तुकडे करतात. उसात, मक्यात वापरतात त्या ॲट्राझीनचा तर क्लोरीनच ह्यूमसमुळे सुटू शकतो आणि त्याचे तणनाशकपण जाते. पण धरणे म्हणजे संपवणे नव्हे. घट्ट चिकटलेले औषध जिवाणूंच्याही हाती लागत नाही, मुक्काम लांबतो. आमच्या खडीत ह्यूमस जवळजवळ नाहीच. औषध पाण्याबरोबर सरळ खाली. (गावाकडच्या काळ्या जमिनीच्या रंगावरही भुलू नका. कोरडवाहू रानात सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो.)

पाण्यात आणखी गंमत आहे. कुजलेल्या पानांचा चहासारखा रंग ऊन शोषतो आणि त्यातून ऑक्सिजनची जहाल रूपे तयार होतात. ती औषध फोडतात. रंग फार गडद झाला, तर मात्र ऊनच खोल पोचत नाही.

आता आपल्या मयूर विहारजवळचा यमुनेचा खादर पाहा. रेताड गाळ, त्यावर वर्षानुवर्षे भाजी पिकत आलेली, आणि खालचे पाणी रॅनी विहिरींतून दिल्लीच्या नळांना जाते.

सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशांच्या फटींत तणनाशक मारावे, असे काहींचे म्हणणे आहे. फरशांखाली रेतीच आहे. मी नाही म्हणतो. रविवारी सकाळी सातला खुरपे घेऊन मी खाली येतो. जे येतील त्यांचा चहा आमच्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!